आरतीच्या चालीवरची चावी

नात्यातल्या कुठल्याही लग्नात माझी ओळख करून देताना लोकांची पंचाईत होते. आमच्या मोठ्या नणंदबाई सांगतात, "ही शैला, ही कॉम्प्युटर दुरुस्त करते." त्यावर समोरची बाई लगेच विचारते, "आमच्या टीव्हीचा आवाज मधनंच जातोय, बघाल काय?" तेवीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात राबून मी मिळवलेली कीर्ती ती एवढीच. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा एकदाचं सांगून टाकते. मी चिपांना कुलपं लावत होते. आणि त्यातल्या सगळ्यांत भारी कुलपाची चावी मी ऐन दसऱ्याच्या दिवशी, पाय प्लास्टरमध्ये असताना, फोनवरून चोराला सांगितली. सांगितली म्हणजे गाऊन दाखवली.

आमचं वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा आणि नऊ माणसं. दोन्ही बाजूंना लेथ, समोर ओतकामाची भट्टी, आणि मध्ये आम्ही चिमट्याने मुंगीएवढे भाग उचलून डाख देत बसलेलो. शेजारचा लेथवाला दारात उभा राहून म्हणायचा, "ह्येला कारखाना म्हणत्यात व्हय? मला तर दाताचा दवाखाना वाटालाय." मालक होते दादा. माझे कुणी नात्यातले नव्हेत, पण सगळं उद्यमनगर त्यांना दादाच म्हणायचं. यंत्रातलं त्यांना फार कळायचं, माणसांतलं त्याहून जास्त, आणि लक्षात मात्र काही राहायचं नाही. स्वतःच्या घरचा फोन नंबर ते मला विचारायचे. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, तिथे शंभर अभंग पाठ. चाल असली की दादांना सगळं आठवायचं.

आता धंदा समजावून सांगते, फार वेळ लागणार नाही. आम्ही वापरायचो त्या चिपा बाजारातून कोऱ्या यायच्या. आत हजारो बारीक स्विच, पण कोण कुणाला जोडलेला नाही. कुठला कुणाला जोडायचा ते आपण कॉम्प्युटरवर लिहायचं आणि चिपमध्ये भरायचं. एक जोडणी भरली की ती चिप वजनकाटा चालवते, दुसरी भरली की तीच चिप पाण्याची मोटर सांभाळते. ही जोडणी म्हणजे डिझाइन. पत्रा, तारा, बटणं कुणीही विकत आणेल, आमची सगळी अक्कल त्या जोडणीत. आणि ती अक्कल चिपमधून वाचून घेऊन दुसऱ्या कोऱ्या चिपमध्ये भरायला कुणालाही एक चहा थंड होईपर्यंतचा वेळ पुरायचा. म्हणून कुलूप.

हे मला फटका बसल्यावर कळलं. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही पोती भरायचं एक यंत्र केलं होतं. पोत्यात नेमकं वजन पडलं की झडप आपोआप बंद. त्या लहान चिपांना एक सोय असायची, शेवटी एक खूण करून टाकली की पुन्हा ती चिप कुणाला वाचता यायची नाही. मी ती खूण करायला विसरले. सहा महिन्यांत उचगावच्या विलासरावांनी तेच यंत्र हिरव्या रंगात बाजारात आणलं. आमचं निळं होतं.

मी तावातावाने उचगावला गेले. विलासराव पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, शाळा नववीपर्यंत, पण हात असा की बिघडलेला रेडिओ त्यांच्याकडे बघूनच सुरू व्हावा. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी विचारलं, चहा सांगितला. टेबलावर आमचं यंत्र उघडं पडलेलं, शेजारी त्याचं हिरवं पोर. मी त्या पोराच्या पोटात बघितलं आणि मला हसू आवरेना. आमच्या बोर्डावर एक रेझिस्टर होता, पट्ट्यापट्ट्यांचा छोटा भाग, तो कशालाच जोडलेला नव्हता. नकाशा काढताना माझी चूक झाली होती, नंतर छापून आलेले बोर्ड टाकून कोण देतंय म्हणून राहिला. विलासरावांनी तोसुद्धा जसाच्या तसा लावला होता.

"ह्यो कशाला लावलासा?" मी विचारलं.

"तुमी शिकल्याली मानसं ताई. तुमी लावलासा म्हंजे कायतरी कामाचा असंल की! मी काढला आन् बिगडलं म्हंजे?"

भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले. दादांना सांगितलं तर ते खुर्चीवरून खाली यायचे बाकी राहिले, इतके हसले. मी मात्र त्या दिवसापासून कुलूपवाली झाले. एकही चिप उघडी सोडली नाही, आणि विलासरावांना आमच्या वर्कशॉपात "चोर" एवढंच नाव पडलं.

मग दोन हजार सालानंतर आम्ही हात घातला तो तांदूळ निवडायच्या यंत्राला. वरून तांदूळ धारेने पडतो, मध्ये कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, आणि काळा दाणा किंवा खडा दिसला की बाजूच्या बारीक नळीतून हवेची फुंकर बसून तो बाहेर उडतो. बाकीचे खाली पोत्यात. दाणा कॅमेऱ्यापासून फुंकरीपर्यंत पडायला जो वेळ लागतो, तेवढ्यात चिपने ठरवायचं असतं की हा ठेवायचा की उडवायचा. पापणी लवायच्या आत असे कित्येक निर्णय. परदेशातून असली यंत्रं येत होती, पण ती आपल्या तांदळाला बघून गोंधळायची.

त्यासाठी मी शाहूवाडी तालुक्यातल्या अण्णांच्या गिरणीत तीन आठवडे बसले. अण्णा म्हणजे बसाप्पाण्णा, मूळ गडहिंग्लजकडचं व्यापारी घराणं, घरात कानडी, गिरणीत मराठी, आणि माझ्यावर राग आला की दोन्ही. त्यांच्याकडे बारा बायका सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. त्यांची म्होरकी हौसाबाई, साठीची. ती हाताकडे न बघता निवडायची. मी तिच्याशेजारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक दाण्याला विचारलं, हा का टाकला, हा का ठेवला. "पोटात पांढरा हाय त्यो ऱ्हाऊं दे पोरी, शिजला की कळत न्हाय. कडंला काळा हाय त्यो काढ. लाल रेघंचा असला तर रेघ केवडी हाय त्ये बघायचं." रेघ किती मोठी असली की टाकायचा, ते तिने नखावर दाखवलं. मी ते नख मोजलं. पुढे तीच मापं चिपमध्ये गेली. यंत्र सुरू झाल्यावर अण्णांनी एकीलाही घरी पाठवलं नाही, सगळ्यांना पिशव्या भरायच्या कामावर घेतलं. ते पाठवतील अशी भीती मला होती, पण मी विचारलं नव्हतं. ते मला आजही बरं वाटत नाही.

या यंत्राला मोठी चिप लागली आणि मोठ्या चिपांची एक खोड होती. वीज गेली की त्या सगळं विसरायच्या. सकाळी उठून स्वतःचं नावसुद्धा शेजाऱ्याला विचारावं, तशा त्या रोज सुरू होताना शेजारच्या साठवणीच्या चिपमधून सगळं डिझाइन वाचून घ्यायच्या. म्हणजे चोराने मोठ्या चिपच्या वाटेला जायची गरजच नाही, त्या भोळ्या शेजाऱ्याची नक्कल केली की झालं. माझी तर झोप उडायची वेळ आली. तेवढ्यात परदेशी कंपनीने नव्या चिपा काढल्या. त्यात डिझाइन गुंतवून, ओळखू न येईल असं करून शेजाऱ्याकडे ठेवायचं, आणि ते उलगडायची चावी फक्त मोठ्या चिपच्या पोटात. चावी म्हणजे अठ्ठेचाळीस अक्षरं, शून्य ते नऊ आकडे आणि ए पासून एफ पर्यंतची इंग्रजी अक्षरं, हवी तशी. ही चावी चिपकडून कुणालाही वाचता यायची नाही. यंत्र चालू असताना ती लाइटच्या विजेवर जिवंत राहायची, बंद असताना घड्याळात असतो तसल्या चपट्या सेलवर. दोन्ही एकदम गेलं की चावी गायब. मेला तरी तोंड उघडणार नाही, असला गडी.

मी तर हरखून गेले. सोळा चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घालून खडखडवल्या आणि चोवीस वेळा काढल्या. पुढच्या चोवीस दादांनी त्यांच्या त्यांच्या काढल्या. नियम असा की पहिला अर्धा माझ्याकडे, दुसरा दादांकडे, आणि एकाचा दुसऱ्याला ठाऊक नाही. कागद दोन बंद पाकिटांत बँकेच्या लॉकरात. नवीन यंत्रात चावी भरायची वेळ आली की मी माझी अक्षरं टाइप करायची, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून उभे. मग मी भिंतीकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की आमचं भांडण झालंय.

दादांना चोवीस अक्षरं पाठ होईनात. चार दिवस झगडल्यावर पाचव्या दिवशी मुलासारखा चेहरा करून आले. "झालं शैला! आरतीच्या चालीवर बसवलं." कुठली आरती ते सांगत नाही, सगळ्यांना पाठ असलेली आहे. मीही माझा अर्धा त्याच चालीवर बसवला. तेव्हापासून आमच्या वर्कशॉपात दोन माणसं आळीपाळीने पुटपुटत आरती म्हणायची, आणि शेजारचा लेथवाला म्हणायचा की ह्यांचा धंदा बुडायला लागला बहुतेक.

आणि मग मी एक चूक केली. यंत्रासोबत द्यायचं मराठी माहितीपुस्तक दादांनी लिहिलं होतं, त्यात एक पान सेलचं होतं. सेल बदलायचा तर यंत्र चालू ठेवूनच बदला. बाकी जगातल्या कुठल्याही यंत्राला आधी वीज बंद करून मग हात घालतात, आमचं उलटं. मी ते पान काढून टाकलं. सेलचं महत्त्व लिहिलं की चोराला कळणार चावी कुठे राहते, असं माझं म्हणणं. दादा म्हणाले, "चोराचं जाऊ दे, गिऱ्हाइकाला तर सांगूया की." मी म्हणाले, "सेल वर्षानुवर्षं टिकतो. बदलायची वेळ आली की मी स्वतः जाऊन बदलेन." माझ्यापुढे कुणाचं काही चालत नसे, तेव्हा पान गेलं.

मी कुलपाचा विचार केला, खंडेनवमीचा केला नाही.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी यंत्र बंद, कुणी वापरायचं नाही, नुसतं धुवायचं, पुसायचं, जुनं काढून नवं घालायचं. लेथवाल्याचे पट्टे नवे, गिरणीवाल्याचं ग्रीस नवं, सायकलवालासुद्धा नवी घंटी बसवतो. मग हार, हळदकुंकू, नारळ. अण्णा तर या बाबतीत फार श्रद्धाळू माणूस. त्यांनी आमच्या यंत्राचं झाकण उघडलं, आतला धूळ खाल्लेला सेल बघितला, आणि शाहूवाडीच्या घड्याळवाल्याकडून नवा कोरा सेल आणून बसवला. यंत्र अर्थातच बंद होतं. चावी त्याच क्षणी गेली. मग अण्णांनी यंत्राला हार घातला.

दसऱ्याला सकाळी नऊला माझ्या घरचा फोन वाजला. मी पलंगावर, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, जिन्यावरून पडले होते. दादा रायपूरला, तिथे तांदूळ गिरण्यांचं प्रदर्शन होतं, आणि आमचा एकुलता एक लॅपटॉप व चावी भरायची केबल त्यांच्याबरोबर. बँक बंद.

"आक्का, मशीन बोलंना झालंय," अण्णा म्हणाले. "हिरवा दिवाच लागंना."

"काय केलंसा अण्णा?"

"काय न्हाय. पूजा केली."

"पूजेच्या आधी?"

"सेल घातला की नवा! जुना झालता."

मी कपाळावर हात मारला तो आवाज त्यांना फोनवर ऐकू गेला असावा. "सेल काढायचा नसतोय अण्णा!" मी ओरडले.

"असं व्हय? मग पुस्तकात कुटं लिवलंय? म्या सगळं पुस्तक वाचलंय. पैल्या पानापास्नं."

त्यांनी खरंच वाचलं होतं, आणि लिहिलेलं नव्हतं, आणि ते मी काढलं होतं.

अण्णांचं काय अडलं होतं तेही सांगायला हवं. पुण्याच्या एका मोठ्या ग्राहक भांडाराने पहिल्यांदाच त्यांच्याकडे एक ट्रक तांदूळ मागितला होता, बघण्यापुरता. एकही काळा दाणा चालणार नाही, ही अट. अण्णांनी ठरवलेलं की ट्रक दसऱ्याच्या संध्याकाळी, गाव सोनं लुटायला निघतं तेव्हा शीव ओलांडून जाईल. ट्रक अंगणात उभा, झेंडूची माळ बांधलेली. यंत्राला पाच तास तरी लागणार होते. बायका बिचाऱ्या सुपं घेऊन निवडायला बसल्या होत्या, पण एक ट्रक तांदूळ बारा सुपांनी संध्याकाळपर्यंत कसा निवडणार? ही मागणी हातची गेली तर अण्णा आमच्या यंत्रामुळे बुडाले, असंच सगळा तालुका म्हणणार होता आणि बरोबरच म्हणणार होता.

"मी कुणाला तर पाठवते," मी म्हणाले, पण पाठवायला कुणी नव्हतं आणि केबल रायपुरात.

"म्या बोलवलंय की एकाला," अण्णा म्हणाले. "पहाटंच गाडी धाडून आणलाय. उचगावचा इलास. त्याच्याकडं तसली वायर हाय म्हणतोय. कॉम्प्युटर बी घिऊन आलाय डिक्कीतनं."

मला पलंगावरून उठता येत नव्हतं म्हणून, नाहीतर मी छताला लागले असते. चोराकडे आमच्याच चिपची केबल कशाला? मी अण्णांना म्हणाले, द्या त्याला फोन.

"नमस्कार ताई. पाय कसा हाय?"

"पायाचं ऱ्हाऊ दे. तुमच्याकडं ती वायर कशी?"

"केली घरीच," विलासराव म्हणाले. लाजल्यासारखा आवाज. "तुमचं एक मशीन मिळालंतं मला कोडोलीतनं, बंद पडल्याली गिरणी व्हती. आट म्हैनं झालं, उघडाय बघतोय. न्हाय उघडत. लई भारी कुलूप केलासा ताई, खरंच."

माणूस चोरी कबूल करतोय आणि मला आनंदाने गुदगुल्या होताहेत, असा तो प्रसंग. आठ महिने! तो आनंद मी दोन मिनिटं मनापासून उपभोगला. मग लक्षात आलं की आता याच माणसाला मी चावी सांगायची आहे. शेजारच्या चिपमधलं गुंतवलेलं डिझाइन त्याच्याकडे होतंच, चावी मिळाली की सगळं मिळालं. अण्णांचं एकच यंत्र नव्हे, आम्ही विकलेल्या अकरा यंत्रांना ही एकच चावी होती. तीन वर्षांचं काम. वर्कशॉपातली नऊ घरं त्यावर चालायची.

मी रायपूरला मोबाइल लावला. दादांनी सगळं ऐकून घेतलं. "माझा अर्धा मी देतो," ते म्हणाले. "तुझा द्यायचा की नाही, ते तू ठरव. पान तू काढलेलंस."

चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं, स्वतःवरच्या. मग अण्णांना पुन्हा फोन लावला आणि म्हणाले, विलासरावांना कॉम्प्युटरपुढे बसवा.

माझा अर्धा सोपा गेला, मी चालीवरच, पण एकेक अक्षर सावकाश म्हणून सांगितलं. पलीकडून विलासराव प्रत्येक अक्षर मोठ्याने परत म्हणत होते. मग दादांची पाळी. घरचा फोन एका हातात, मोबाइल दुसऱ्या, दोन्हींचं तोंड एकमेकांच्या कानाला लावून मी उताणी पडलेली. अण्णांनी गिरणीतल्या फोनचा स्पीकर सुरू केला.

"दादा, सांगा."

"शून्य, चार, ए..." दादा थांबले. "सांगता येत नाही गं. गाऊनच दाखवावं लागेल."

आणि रायपूरच्या प्रदर्शनात, तांदळाच्या यंत्रांच्या गर्दीत उभं राहून दादांनी आरती लावली. खड्या आवाजात, पेटीवाल्याच्या ठेक्यात. शून्य चार ए ए सात, सी दोन बी... मला नियम आठवला, दुसऱ्याचा अर्धा ऐकायचा नाही! कान झाकायला हात मोकळे नाहीत, म्हणून मी मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागले. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. चोराने ऐकलेलं चालत होतं, मी ऐकलेलं चालत नव्हतं.

"कोण बडबडालंय मधी?" विलासराव ओरडले. "ताई, गप बसा की! दादा, सी नंतर काय आलं?"

चालीत अडवलं की दादा पहिल्यापासून सुरू करणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या वेळी कुणीतरी शिंकलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी पलीकडून टाळ्यांचा आवाज यायला लागला. बायकांनी सुपं बाजूला ठेवली होती. ऐन दसऱ्याला यंत्रापुढे कुणीतरी आरती म्हणतंय म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या, टाळ्या धरल्या, आणि कुणीतरी घंटीसुद्धा वाजवायला लागलं. इंग्रजी आरती आहे, एवढीच त्यांची समजूत. शेवटची एफ एफ तीन आली तेव्हा सगळ्यांनी मिळून ती लांबवली. मग अण्णांचा आवाज, कानडीत काहीतरी, मग मराठीत.

"लागला! आक्का, हिरवा दिवा लागला!"

मी प्लास्टरसकट नाचले असते. रायपुरात लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा आमच्या स्टॉलचा कार्यक्रम. संध्याकाळी सहाच्या आत ट्रक शीव ओलांडून गेला, आणि अण्णांनी फोनवरून मला सोनं दिलं.

विलासराव आठ दिवसांनी वर्कशॉपात आले. मी नक्कल आता बाजारात येणार म्हणून दातओठ खात बसले होते. त्यांनी एक कागद टेबलावर टाकला, त्यावर अठ्ठेचाळीस अक्षरं.

"घ्या तुमची चावी. माझ्या काय कामाची न्हाय."

"का? केलं न्हाईसा मशीन?"

"करंन कसा?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आट म्हैनं मी त्या कुलपाशी झटलो ताई. बायको म्हणाली, घर सोडा न्हायतर त्यो बोर्ड सोडा. आन् तुमी गाणं म्हणून सांगून टाकलासा! मग त्यात मजा काय ऱ्हायली?"

दादा तोंडावर रुमाल धरून आत पळाले. मी त्या दिवशी पहिल्यांदा विलासरावांना त्यांच्या नावाने हाक मारली. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या सगळ्या यंत्रांची देखभाल दादांनी त्यांच्याकडे दिली, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत चोख केली. दुसऱ्या कुणाच्या नकला त्यांनी बंद केल्या असं मी म्हणणार नाही.

पाय बरा झाल्यावर मी चालू असलेल्या दहाही गिरण्यांत जाऊन नवी चावी भरली, प्रत्येक यंत्राला वेगळी, आणि सेलचं पान मोठ्या ठळक अक्षरात पुस्तकात परत घातलं. अण्णांच्या गिरणीत सगळ्यांत शेवटी गेले. दारातच थबकले. आत बायका पिशव्या भरत होत्या आणि ठेक्यात गात होत्या. शून्य चार ए ए सात. हा दादांचा अर्धा, आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून माझा, विलासरावांनी मोठ्याने म्हटलेला, म्हणजे चावी पूर्ण. ज्या चावीसाठी मी लॉकर घेतलं, भिंतीकडे तोंड केलं, पान फाडलं, ती गिरणीत पिशव्या भरताना म्हटली जात होती.

हौसाबाईने मला जवळ बसवून घेतलं. "पोरी, लई ग्वाड हाय गं ही आरती. पर अर्थ काय म्हणायचा हिचा?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. चिप, कुलूप, चोर, चावी. त्या पिशव्या भरता भरता ऐकत होत्या, मध्येच "आगं बया" म्हणत होत्या. माझं बोलणं संपल्यावर हौसाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे तू हितं तीन आटवडं बसलीस. कंचा दाणा ठिवायचा, कंचा टाकायचा, सगळं आमाला इचारून लिवून नेलंस. माझं नख बी मोजून नेलंस. आन् त्येला कुलूप घातलंस, कुणी चोरंल म्हणून?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग त्या इलासवर का गं एवडी तापलीस?"

सगळ्या बायका खदाखदा हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि हसता हसता माझे कान तापले. इतकी वर्षं एका माणसाला मी जे नाव ठेवलं होतं, ते मला कुणी ठेवलं नव्हतं, एवढाच फरक. लाज वाटली. मी म्हणाले, हौसाबाई, चुकलं माझं, तुमचं नाव मी कुठंच घातलं नाही.

"नाव घिऊन काय करू?" ती म्हणाली. "तुला दिलंच की समदं, कुणी अडवलंतं? बस आता, म्हण आमच्यासंगट."

त्यांनी पुन्हा चाल धरली. माझ्या अर्ध्यापर्यंत मी ठणठणीत म्हटलं. पुढे दादांचा भाग आला, तो मी पाढ्यांच्या नादात कधी धड ऐकलाच नव्हता, आणि नवव्या अक्षराला चुकले. हौसाबाईने टाळी थांबवली आणि मला पहिल्यापासून म्हणायला लावलं.